भाडं आठ हजार, पाणी पाचव्या दिवशी

सोलापुरात फ्लॅट बघायला आलेला माणूस हॉलकडे ढुंकून बघत नाही. थेट बाथरूमचा नळ सोडतो आणि विचारतो, "मालक, पाणी कितव्या दिवशी येतंय?" तेव्हा आपण घर भाड्याने देतो हा भ्रम आधी सोडावा. आपण टाकी भाड्याने देतो. भिंती वर फुकट.

चौघांचं कुटुंब, माणशी रोज 100 लिटर धरलं आणि पाणी पाचव्या दिवशी आलं, तर 2,000 लिटर साठा हवा. गच्चीवर असते 1,000 लिटरची टाकी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ठणठणीत, आणि फोन आपल्याला. दुसरी टाकी जोडली, की मोटरची पाळी. हौदातला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडाची झडप, कचरा अडकून उघडा राहिला, तर पाइपातलं पाणी खाली उतरतं, मोटर कोरडी फिरते. आधी सील जातं, मग वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी. बोअर असेल तर क्षार आलेच. गीझरची कॉइल पांढरी होते, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येतं आणि तेही शेजारच्या भिंतीवर.

यूट्यूबवर याला पॅसिव्ह इन्कम म्हणतात. त्या लोकांच्या घरांना बहुधा नळ नसतात.

आता पैसे. जुळे सोलापूर या उपनगरात 25 लाखांचा वन बीएचके आणि 8,000 भाडं धरा. वर्षाचे 96,000. एक महिना रिकामा गेला: 88,000. सोसायटीचा मेंटेनन्स महिना हजार: उरले 76,000. घरपट्टी पाच हजार, रंग-डागडुजीची वर्षाची सरासरी सहा, एजंटचं एका महिन्याचं भाडं. हातात 57,000, म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेतली ठेव याहून जास्त देते आणि रात्री अकराला 'फ्लश अडकलाय' म्हणून फोन करत नाही. आयकरात मात्र एक दिलासा आहे: मिळालेल्या भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. खर्च करा, नका करू, तेवढीच. प्लंबरची पावती जपून ठेवण्यात अर्थ नाही. तसंही तो ती देत नाही.

सगळ्यात महाग पडते शेंगाचटणी. कडाप्प्याच्या ओट्यावर उखळ ठेवून रोज कुटली, की ओटा आणि टाइल्सच्या मधला सांधा सुटतो. सिंकचं पाणी त्यातून आत झिरपतं आणि पावसाळ्याची वाट न बघता खालच्या मजल्यावरून निरोप येतो, "काका, आमचं छत गळायलंय की!" गवंडी पांढरा सिमेंट भरून जातो. तो सिमेंट दोन-चार महिन्यांत पुन्हा तडकतो, कारण त्याला लवचिकता नसते. सांधा खरवडून, पूर्ण वाळवून रबरासारखं लवचिक सिलिकॉन सीलंट भरावं आणि उखळ जमिनीवर, खाली गोणपाट घालून ठेवायला सांगावं. चटणीच बंद करा असं सांगायची हिंमत करू नये. भाडेकरू जाईल, आणि बरोबरच जाईल.

किल्ली देताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, घेतानाही काढा. बिल आपल्या नावावर असतं. माणूस गेला तरी थकबाकी घर सोडत नाही.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं; खोटं ठरवायचं काम आपलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. ऑनलाइन असल्याने एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, सगळ्यांचे अंगठे आधारशी जुळावे लागतात. साक्षीदार म्हणून शेजारचे आजोबा बोलावू नका. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. दहाही बोटं लावून होतात, दोनदा चहा होतो, आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.