एन-५ पास झालं म्हणजे जपानची नोकरी लागत नाही

व्हॉट्सअॅपवर सध्या एन-५ या जपानी भाषेच्या परीक्षेबद्दलचा एक मजकूर जोरात फिरतोय. "जपानला जायचंय? फक्त ३० दिवसांत एन-५! लिपी शिकायची गरज नाही, देवनागरीत संपूर्ण नोट्स. सरकारी यादीतले ८०० शब्द आणि १०० कांजी पाठ करा, घरबसल्या परीक्षा द्या, १८० पैकी ८० गुण मिळाले की पास. मराठी माणसाला जपानी सर्वांत सोपी. एन-५ झाली की थेट नोकरी, महिना दीड लाख. मोजक्याच जागा शिल्लक."

माझ्यापर्यंत तो सांगलीहून आला. माझ्या बहिणीचा मुलगा आयटीआय झालेला फिटर आहे. त्याने मजकूर पुढे पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, पैसे भरू का?" फोन केला तेव्हा कळलं की दाजी पतसंस्थेत कर्जाची चौकशीही करून आलेत. मी पुण्यात जपानी शिकवते. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हाच मजकूर आता माझ्या विद्यार्थ्यांच्या घरीही पोचलाय. गावाकडच्या पोरांच्या घरातून पैसे काढायचा हा धंदा बघून माझा संताप होतो.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेते. "एन-५ झाली की थेट नोकरी."

एन-५ ही जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची सगळ्यात खालची पायरी. सगळ्यात वरची एन-१. एन-५ च्या उमेदवाराकडून अपेक्षा काय, तर हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्या आणि अगदी मूलभूत कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली अक्षरचिन्हं, यांत लिहिलेली साधी वाक्यं वाचता यावीत आणि सावकाश बोललेले छोटे संवाद समजावेत. एवढ्या भाषेवर कारखान्यातला फोरमन काय सांगतोय ते कळत नाही. हे जपानी सरकारलाही माहीत आहे, म्हणून व्हिसाचे नियम वेगळे आहेत.

आयटीआय किंवा बारावी झालेल्या मुलासाठी जो रस्ता सहसा दाखवला जातो, तो 'तोकुतेई गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या कामगारांच्या व्हिसाचा. तो एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला आणि भारताने जानेवारी २०२१ मध्ये जपानशी त्याचा सामंजस्य करार केला. या व्हिसासाठी बहुतेक क्षेत्रांत भाषेची अट एन-४ ची आहे, किंवा जेएफटी-बेसिक नावाची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. ती केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते आणि २५० पैकी २०० गुण लागतात. शिवाय ज्या क्षेत्रात काम करायचं त्याची कौशल्य परीक्षा वेगळी. वृद्धांच्या देखभालीचं काम असेल तर त्या कामाच्या जपानीची आणखी एक परीक्षा. या यादीत एन-५ कुठेही नाही. आणि एवढं सगळं पास झाल्यावरही, तुम्हाला घेणारी जपानी कंपनी आणि तिच्याशी करार असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. कंपनी मुलाखत घेते ती बहुतेक वेळा जपानीतच. आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, लिहिण्याचीही नाही. सगळी पर्यायांवर खूण करायची परीक्षा. म्हणजे एन-५ चांगल्या गुणांनी पास झालेला मुलगाही मुलाखतीत तोंड उघडू शकेल याची खात्री ते प्रमाणपत्र देत नाही.

आता यात अर्धं सत्य आहे ते नाइलाजाने का होईना, मान्य करते. जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये कायदा करून परदेशी कामगारांना शिकाऊ म्हणून आणणारी जुनी तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना मोडीत काढायचं ठरवलं. तिच्या जागी 'इकुसेई शूरो' ही नवी व्यवस्था, तिची सुरुवात एप्रिल २०२७. त्यात काम सुरू करण्याआधी एन-५ च्या तोडीची भाषा किंवा तेवढं प्रशिक्षण ही अट आहे. बहुधा यातूनच कुणीतरी हे वाक्य बनवलं असावं. पण तिथेही एन-५ म्हणजे फक्त उंबरठा. घेणारा मालक लागतो, करार लागतो, आणि पुढे तोकुतेई गिनोमध्ये जायचं तर एन-४ च्या पातळीपर्यंत पोचावंच लागतं. दुसरं असं की जपानमधल्या भाषा शाळेत विद्यार्थी म्हणून जाताना एन-५ किंवा दीडशे तास शिकल्याचा दाखला सर्रास मागतात. तेवढा एन-५ चा उपयोग आहे. पण तिथे फी आपण भरायची असते, पगार मिळत नाही.

दीड लाखाचं काय? तोकुतेई गिनोमध्ये त्याच कामासाठी जपानी माणसाला मिळतो तेवढा किंवा जास्त पगार द्यायचा असा नियम आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यातून आयकर, आरोग्य विमा, पेन्शन जातं आणि वर घरभाडं. उरतं ते हातात. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंतच राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. कर्ज काढणाऱ्या बापाला हे आधी सांगायला हवं, आणि त्या मजकुरात याचा एक शब्द नाही.

माणसं परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येते. भाच्याला मी पहिलं काम हेच लावलं की समोरच्याकडून नोंदणी क्रमांक माग. उत्तर आलं, "आम्ही फक्त क्लास घेतो, नोकरीचं पुढे बघू." म्हणजे जाहिरात नोकरीची, पैसे नोकरीच्या आशेवर, आणि जबाबदारी फक्त क्लासची. भाच्याने एक रुपया भरला नाही.

लिपीबद्दलचं वाक्य तर मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. लिपी शिकायची गरज नाही! प्रश्नपत्रिका छापलेली असते हिरागाना, काताकाना आणि कांजीत. तिथे रोमन अक्षरं नाहीत, देवनागरी तर नाहीच. पहिलाच भाग शब्दज्ञानाचा, २० मिनिटांचा. त्यात कांजीत लिहिलेल्या शब्दाचा उच्चार कोणता, हिरागानात लिहिलेला शब्द कांजीत किंवा काताकानात कसा लिहायचा, असे थेट प्रश्न असतात. काताकानातला 'शि' आणि 'त्सु', 'न' आणि 'सो' इतके सारखे दिसतात की वर्षभर शिकलेली मुलंही घाईत फसतात. देवनागरीत पाठ केलेल्या मुलाला तर प्रश्नच वाचता येणार नाही.

देवनागरी नोट्सचा दुसरा तोटा उशिरा लक्षात येतो. जपानीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे आत्या-मावशी, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. आपण मराठीत बोलताना या फरकाकडे फारसं लक्ष देत नाही. नोट्स लिहिणाऱ्याने तो नीट लिहिला नसेल, तर मुलगा चुकीचाच शब्द पाठ करून जातो. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही 'काना' लिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. रोज तासभर बसलं तर काही आठवड्यांत त्या हातात बसतात. एवढा वेळ वाचवण्यासाठी परीक्षाच हातची घालवायची, हा कसला सल्ला?

"मराठी माणसाला सोपी" हे मात्र काही प्रमाणात खरं आहे. क्रियापद शेवटी, नामाला मागून लागणारे प्रत्यय, कर्म क्रियापदाच्या आधी, हे सगळं आपल्या ओळखीचं. हिरागानाच्या तक्त्यातला क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेच्या परंपरेतून, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीच्या अभ्यासातून तिकडे गेलेला आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं खुलतात. पण वाक्यरचना जुळली म्हणून कांजी येत नाहीत आणि कानावर पडलेलं आपोआप कळत नाही.

कानावरून आठवलं. "१८० पैकी ८० मिळाले की पास" हा आकडा बरोबर आहे आणि त्यातली दुसरी अट लपवलेली आहे. भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० गुण, त्यात किमान ३८ हवेत. श्रवणाचे ६० गुण, त्यात किमान १९ हवेत. समजा एखाद्याला पहिल्या भागात १०० पडले आणि श्रवणात १५. बेरीज ११५, तरीही नापास. शब्द घोकून गेलेल्या मुलांचं नेमकं हेच होतं. श्रवण शेवटी असतं, अर्ध्या तासाचं, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. शेवटच्या प्रकारात तर पुस्तिकेत काहीच छापलेलं नसतं. वाक्य ऐकायचं, तीन उत्तरं ऐकायची, लगेच खूण करायची. तिथे यादी उपयोगी पडत नाही, कानाला सवय असावी लागते. शिवाय गुण सरळ बेरजेचे नसतात, ते प्रमाणित करून दिले जातात. त्यामुळे "इतके प्रश्न बरोबर आले की इतके गुण" असा हिशेब कुणी मांडून देत असेल तर तो मनाचाच आहे.

"सरकारी यादी" तर अस्तित्वातच नाही. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलंय की २०१० साली परीक्षेची रचना बदलल्यापासून शब्द, कांजी, व्याकरण यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या जात नाहीत, कारण जपानी शिकण्याचं उद्दिष्ट याद्या पाठ करणं हे नाही. परीक्षा घेणारेच हे सांगतायत, मग मध्ये एखाद्या क्लासवाल्याचं कशाला ऐकायचं? ८०० शब्द आणि १०० कांजी हे आकडे आले आहेत जुन्या, तेव्हाच्या सगळ्यात खालच्या चौथ्या पातळीवरून, २०१० च्या आधीच्या परीक्षेतून. अंदाज म्हणून ते वापरायला हरकत नाही, मीही वापरते. पण यादी संपली की अभ्यास संपला असं समजणारा मुलगा परीक्षेत अनोळखी शब्द दिसला की गडबडतो.

त्याच जुन्या पातळीसाठी अभ्यासाचे तास धरले होते सुमारे १५०. तीस दिवसांत दीडशे म्हणजे रोज पाच तास. एखादा रिकामा, जिद्दी मुलगा हे करेलही, मी नाही म्हणत नाही. पण परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि अर्ज काही महिने आधीच बंद होतात. मग आज नाव घालून महिन्याने एन-५ कशी होणार? "घरबसल्या" हेही खोटं. पुण्या-मुंबईसारख्या ठरलेल्या केंद्रावर जाऊन कागदावर, पेन्सिलीने खुणा करायच्या असतात.

ज्यांना तयारी खरंच करायचीय त्यांना पैसे भरायच्या आधी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. त्याच अधिकृत संकेतस्थळावर एन-५ चे सराव प्रश्नसंच ध्वनिफितींसकट फुकट आहेत. काना लिप्या आणि थोडं व्याकरण झालं की एक संच घड्याळ लावून सोडवा. शब्दज्ञानाला २० मिनिटं, व्याकरण आणि वाचनाला ४०, श्रवणाला ३०. ध्वनिफीत एकदाच लावायची, मागे न्यायची नाही. कुठे अडताय ते दीड तासात कळेल. ज्या भागात अडलात तो हा क्लास कसा शिकवतो, हे दाखल होण्याआधी विचारा. श्रवणाला आठवड्याचे किती तास देता, काना लिप्या वर्गात लिहून घेता का, एन-५ नंतर एन-४ पर्यंत नेता का, आणि नोकरीचं नाव काढलं असेल तर कंपनी कोणती, व्हिसा कोणता आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक काय. ही उत्तरं लेखी मागा. भाचा आता डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरणार आहे, फिटरचं काम सुरू ठेवून, आणि रोज संध्याकाळी मला हिरागानाचं एक पान लिहून फोटो पाठवतो.