‘काउन्सेलर व्हायला एम.ए. कशाला?’ या मेसेजला उत्तर

निकालांचे दिवस आले की गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: काउन्सेलर व्हायला मानसशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं घालवायची गरज नाही. माणसांचं मन लावून ऐकून घ्यायचा स्वभाव हवा, आणि तो उपजतच असतो. संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या आपल्या आबे फारियांकडे कुठे मानसशास्त्राची पदवी होती? गोव्यातल्याच संशोधनाने दाखवलंय की बिनपदवीचे लोकसुद्धा नैराश्यावर काम करू शकतात. परवाना तर लागतच नाही, आणि एम.ए. म्हणजे नुसती पोपटपंची. तेव्हा शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करा, सर्टिफिकेट घ्या आणि सुरू करा.

मी शाळांमधून काउन्सेलिंग करते आणि या कामाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची सेशन्स तपासते. हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण भल्या मनाचे आहेत, कुणाच्या घरात शिकायची हौस असलेली मुलगी आहे, कुणाला फीची काळजी आहे. म्हणूनच ‘चुकीचं आहे’ एवढं म्हणून मला थांबता येत नाही.

आधी फारियांचं बघू, कारण त्यांचं नाव घेतलं की गोंयकाराला पुढे बोलवत नाही. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेले हे धर्मगुरू रोममध्ये ईश्वरशास्त्राचे डॉक्टर झाले होते, त्यामुळे शिकायची गरज नसते याचा दाखला ते होऊ शकत नाहीत. खरी गंमत पुढे आहे. 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना त्या काळच्या जाणकारांच्या समजुतीलाच त्यांनी धक्का दिला. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकीय शक्ती वाहते आणि समोरच्याला झोप लागते, असं तेव्हा मानत. फारियांनी सांगितलं, अशी शक्तीबिक्ती काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा पाहून हात पसरलेला जादूगार वाटतो खरा. पण उपजत शक्तीच्या बाजूने त्यांनाच साक्षीदार म्हणून उभं करायचं म्हणजे त्यांनी आयुष्यभर मांडलं त्याच्या नेमकं उलटं बोलणं झालं.

आता स्वभावाचं. मायाळू स्वभाव हवाच, त्याशिवाय या कामात कुणी टिकत नाही. पण मायाळू माणसाचीच एक खोड असते, समोरच्याचं दुःख त्याला बघवत नाही आणि तो घाईने धीर देऊन मोकळा होतो. प्रशिक्षणात रोल-प्ले असतो. एक विद्यार्थिनी काउन्सेलर होते, दुसरी दहावीतला मुलगा. बाप बोटीवर, घरी आई आणि धाकटी भावंडं, प्रिलिममध्ये मार्क गेलेले. मुलगा म्हणतो, “मॅडम, माझं डोकंच चालत नाही. मी नसलो तरी आईला ती दोघं आहेतच.” काउन्सेलर लगेच म्हणते, “अरे, असं काय बोलतोस! तू हुशार आहेस. अजून महिना आहे, सगळं ठीक होईल.” मुलगा मान हलवतो, “हो मॅडम” म्हणतो आणि पुढचं सगळं बोलणं टाइमटेबलवर जातं.

मग रेकॉर्डिंग लावतात. शब्द न् शब्द लिहून काढलेला कागद समोर असतो. शिकवणारी बाई ‘मी नसलो तरी’ या शब्दांपाशी थांबवते आणि विचारते, “हे ऐकलंस तेव्हा तुझ्या मनात काय आलं?” मुलगी बराच वेळ गप्प असते. ते तिने ऐकलं होतं. घाबरली, म्हणून पुढे गेली. इथून खरं शिक्षण सुरू होतं: त्या ठिकाणी थांबायचं कसं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” हे सरळ, आवाज न चढवता विचारायचं कसं, उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या तासाभरात कुणाला काय सांगायचं. विचारल्याने तसा विचार मनात भरतो ही भीती खोटी आहे, पण पुस्तकात वाचून ती जात नाही. तो प्रश्न तोंडातून काढायची सवय करावी लागते, कुणीतरी बघत असताना, पुन्हा पुन्हा. शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये तुमचं सेशन कोण ऐकतं?

तिसरा मुद्दा गोव्यातल्या संशोधनाचा. मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, कारण तो अर्धा खरा आहे. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हे काम केलं. मानसिक आरोग्याची कुठलीही पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांचं काउन्सेलिंग करून घेतलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत 493 रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांना या सेशन्सची जोड मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. जगभर या कामाचा दाखला देतात, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण ते लोक काम कसं करत होते, हे मेसेजमध्ये येत नाही. आधी काही आठवड्यांचं वर्गातलं प्रशिक्षण, मग काही महिने प्रत्यक्ष कामाची उमेदवारी. हातात एकच उपचारपद्धत, तीही टप्प्याटप्प्याने लिहून दिलेली, सहा ते आठ सेशन्सची. सेशन्सचं रेकॉर्डिंग व्हायचं, सहकारी ते एकत्र बसून ऐकायचे आणि गुण द्यायचे. वर तज्ज्ञांची देखरेख, आणि हाताबाहेरचा रुग्ण पुढे पाठवायची सोय. कोण रुग्ण आपल्याकडे घ्यायचा आणि कोण नाही, हेही आधी ठरलेलं. या संशोधनावरून कुणाला काही सिद्धच करायचं असेल तर ते हे, की पदवी नसेल तर चालेल, देखरेख नसेल तर चालणार नाही. एकट्याने खोली भाड्याने घेऊन बाहेर फलक लावणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे नैराश्य येतं, घटस्फोट येतो, दारू येते, लहान मुलाला कानात आवाज ऐकू येतात तेही येतं. आणि अमुक आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं सांगणारं कुणी त्याच्या पाठीशी नसतं.

परवान्याचं थोडक्यात. ‘काउन्सेलर’ म्हणून बसायला आजवर परवाना लागला नाही, हे खरं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि ऑनलाइन कोर्सवाले हा फरक मुद्दाम धूसर ठेवतात. शिवाय वारं कुठे वाहतंय ते बघा. 2021 च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे काउन्सेलर आपल्या यादीत घेतले. त्याचाच आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. विद्यापीठांनाही जे ऑनलाइन शिकवता येत नाही, ते दोन दिवसांत शिकवू म्हणणाऱ्याला पैसे का द्यायचे?

आणि परवाना नसला तरी कायदा सुटत नाही. समजा सातवीतल्या मुलीने तुमच्यासमोर घरातल्या माणसाचं नाव घेतलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. गोव्याचा स्वतःचा 2003 चा बालकायदाही आहे. गुप्तता कुठे संपते हे पहिल्याच भेटीत, त्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगायचं असतं. नंतर सांगितलं तर तिला वाटतं आपल्याला फसवलं, आणि ती पुन्हा तोंड उघडत नाही.

शेवटचा मुद्दा, एम.ए. म्हणजे नुसती पोपटपंची. काही ठिकाणी आहे, हे मी नाकारत नाही. दोन वर्षं नोट्स, शेवटी एक रिपोर्ट, आणि मुलगी जिवंत माणसासमोर पहिल्यांदा बसते ती नोकरी लागल्यावरच. पण थिअरी कामाची नसते हे मान्य नाही. पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली इंटरनेटवर कुणालाही मिळते: नऊ प्रश्न, 0 ते 27 गुण. सोळा गुण आलेल्या बाईचा थायरॉइड तपासायला हवा, कारण त्याच्या बिघाडानेही अशीच लक्षणं दिसतात, हे त्यात लिहिलेलं नसतं. मागच्या वर्षी तीच बाई फारशी झोप न घेता कितीतरी दिवस उत्साहात होती का, म्हणजे आजार बायपोलर तर नाही ना, हे विचारायचंही त्यात नसतं. ते सुचायला आजारांचा अभ्यास लागतो.

म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा. प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास मिळतील? माझी सेशन्स कोण ऐकणार, आणि ती व्यक्ती स्वतः प्रॅक्टिस करते का? बांबोळीच्या आयपीएचबीसारख्या मानसोपचार रुग्णालयात रुग्ण बघायला मिळतील का? रोल-प्ले कोकणी-मराठीत होतात की फक्त इंग्रजीत? नीट उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरं कॉलेज बघा. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा वर्षभराचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा डिप्लोमा आहे, त्यात प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिन्यांची इंटर्नशिप असते.

ज्यांनी दोन दिवसांचा कोर्स आधीच केलाय त्यांनी तो फुकट गेला असं मानू नये. वाड्यावरची कुणी मुलगी रडत आली तर तिच्याजवळ बसा, सल्ला न देता ऐका, तिच्या परवानगीने 14416 वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून द्या. फलक मात्र लावू नका, आणि फी घेऊ नका.