कमोडभोवती टीसीएल टाकायला सांगणारा तो मेसेज कृपा करून डिलीट करा

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसातला आईचा फोन आला, आवाज पार बसलेला, मधेमधे खोकत होती. "अगं काही नाही, संडास घासायला गेले तर डोळे चुरचुरायला लागले आणि छातीत कसंतरी होतंय." मी ठाण्याला, ती आणि बाबा नेरुळला सिडकोच्या जुन्या घरात. दोघांनाही दार उघडं टाकून खाली मोकळ्या हवेत जाऊन बसायला सांगितलं आणि मिळेल ती ट्रान्स हार्बर पकडली, तुर्भे येईपर्यंत चार वेळा फोन केला असेल.

झालं काय होतं तर आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, 'कमोडभोवतीच्या लघवीच्या वासावर सात रामबाण उपाय'. तोच मेसेज दोन दिवसांत मला सासरच्या ग्रुपवर आला आणि मग आमच्या सोसायटीच्याही, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लघवी निर्जंतुक असते म्हणून कोरड्या फडक्याने पुसली की पुरे. कमोडभोवती टीसीएल पावडर पसरा, वर टॉयलेट क्लीनर ओता, फेस आला की समजा काम होतंय, दार लावून अर्धा तास ठेवा. कमोडला लागून जाड पायपुसणं टाका. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून घासा. कमोडचं बूड सिमेंटने चारी बाजूंनी पॅक करा. आत माशीचा स्टिकर लावा म्हणजे पुरुषांचा नेम चुकणार नाही. आणि शेवटचा, की पुरुषांना बसून लघवी करायला लावू नका, प्रोस्टेट बिघडतं आणि ते आपल्या संस्कृतीत नाही.

दुसऱ्या उपायापासूनच सुरुवात करते कारण माझी आई त्याच्यामुळे जिन्यात बसून खोकत होती.

टीसीएल म्हणजे साधी ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीवाले विहिरीत टाकतात ती, सोसायटीत टाकी धुणारे पण वापरतात, आईने त्यांच्याकडूनच कागदाच्या पुडीत थोडी मागून घेतलेली. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये असतं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं, घरी असेल तर आत्ता जाऊन बघा. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो 'फेस आला की काम होतंय' म्हणतात ना, तो फेस म्हणजे घाण निघतेय असं नाही, त्यातून विषारी वायू बाहेर पडतोय. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू, आणि आपण तो चार बाय तीनच्या संडासात दार लावून तयार करायला सांगतोय, तेही घरातल्या बाईला.

क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीच पट जड असतो म्हणजे तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली लादीजवळच साचतो. आणि कमोडभोवती घासायला बसलेल्या माणसाचं नाक कुठे असतं? लादीपासून दीड-दोन फुटांवर. आईच्या संडासाची काचपट्ट्यांची खिडकी पावसाचं पाणी येतं म्हणून प्लॅस्टिक लावून बंद केलेली आहे, जशी अर्ध्या नेरुळमध्ये असते. तिने अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटं दार लावलं, मग ब्रश घेऊन आत जाऊन बसली. नशीब एवढंच की बाबांचं सगळं आयुष्य ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये गेलं, त्यांना हॉलमध्ये वास आला आणि त्यांनी तो ओळखला. शहात्तर वर्षांचा माणूस, त्यांनी तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, ऑक्सिजन बघितला, ठीक होता, पण चोवीस तास लक्ष ठेवा म्हणाले कारण अशा वायूने धाप कधी कधी काही तासांनी लागते. तो दिवस आणि ती रात्र कशी काढली ते आम्हालाच माहीत. म्हणून सांगते, कुणाच्या घरी असं झालंच तर आधी माणसाला बाहेर काढा, बाकीच्यांनीही बाहेर या, आत जाऊन पाणी ओतत बसू नका, आणि खोकला थांबला म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका.

कुणी म्हणेल की बरं, अ‍ॅसिड नको, नुसती टीसीएल टाकू. तीही जुन्या लघवीवर नको. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, एसटी स्टँडच्या मुतारीत डोळ्यांत जातो तो वास त्याचाच, आणि अमोनियावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचे वेगळे वायू तयार होतात, तेही डोळ्याला आणि छातीला लागतात. आधी भरपूर पाण्याने धुवून घ्या, मग काय ते.

आणि नुसतं अ‍ॅसिड टाकलं तर? कमोडच्या भांड्यात आतून टॉयलेट क्लीनर वापरायला माझी काही हरकत नाही, त्याचं कामच ते आहे, लघवीचा जो पिवळट कडक थर बसतो तो अ‍ॅसिडनेच सुटतो, एवढं त्या मेसेजचं मान्य करते. पण लादीवर नाही. लाद्यांच्या सांध्यांमध्ये भरलेलं व्हाइट सिमेंट अ‍ॅसिड खातं. मी त्या दिवशी दुपारी आईच्या कमोडसमोर बसून बघितलं, सांधे इतके खोल गेलेत की झाडूची काडी आत उभी राहते, आणि त्या खाचेत काडी फिरवली तर काळपट ओला गाळ निघाला ज्याला तोच वास. म्हणजे वर्षानुवर्षं वास येतो म्हणून अ‍ॅसिड टाकायचं, अ‍ॅसिडने सांधा पोकळ व्हायचा, त्यात लघवी मुरायची, की पुन्हा वास, पुन्हा अ‍ॅसिड. कोटा किंवा मार्बल असेल तर आणखी वाईट, दगडच खराब होतो.

आता निर्जंतुकवाला मुद्दा. हे खूप जुनं आणि डॉक्टरसुद्धा पूर्वी सांगायचे म्हणून कुणाला दोष देत नाही, पण शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१२ मध्ये बायकांच्या मूत्राशयातून थेट नळीने लघवी काढून तपासली तर त्यातही जिवाणू सापडले. धडधाकट माणसाच्या ताज्या लघवीने लगेच कुणी आजारी पडत नाही हे खरं, पण बाहेर लादीवर पडल्यावर तिच्यात काय काय वाढतं हा वेगळा विषय आहे. आणि पावसाळा आला की हाच ग्रुप उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो म्हणून मेसेज पाठवतो, तेव्हा लघवी निर्जंतुक असल्याचं कुणाला कसं आठवत नाही? कोरड्या फडक्याने पुसून तर लघवी फक्त पसरते. तांब्याभर साधं पाणी लगेच ओतलं तरी अर्धं काम होतं.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की एकमेकांना मारून टाकतात, बुडबुडे येतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. धोका काही नाही, उपयोगही नाही. वेगवेगळे वापरा हवं तर.

कमोडचं बूड बंद करायचं हे बरोबर आहे, खाली फट असली की लघवी आत शिरते आणि मग कितीही धुवा वास येतच राहतो. फक्त सिमेंटऐवजी सिलिकॉन भरा आणि मागच्या बाजूला बोटभर जागा सोडा, म्हणजे खालचा जोड गळत असेल तर पाणी तिथून दिसेल, सगळं पॅक केलंत तर खालच्या मजल्याच्या छतावर ओल आल्यावरच कळेल आणि मग खालच्या काकूंशी भांडण.

पायपुसण्याबद्दल थोडा राग आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर कमोडसमोर सुटं पायपुसणं म्हणजे रात्री तीन वाजता पाय अडकून पडायची सोय, वर ते लघवी शोषून दिवसभर ओलं राहतं. टाकायचंच असेल तर मेडिकलमध्ये अंडरपॅड मिळतात, पलंगावर घालायचे, ते अंथरा, कडा नीट चिकटवा आणि रोज फेका. आणि प्रत्येक ओल लघवीची नसते हेही बघा, आईकडे निम्मं पाणी कमोडशेजारच्या धुवायच्या जेटचं होतं, वॉशर गेलेला, थेंब थेंब गळत होता.

माशीच्या स्टिकरची गोष्ट अर्धी खरी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर पुरुषांच्या मुताऱ्यांमध्ये आतून माशीचं चित्र काढलेलं आहे आणि त्याने बाहेर सांडणं कमी झालं असं सांगतात. पण ती भिंतीवरची मुतारी, माणूस तिच्याजवळ उभा असतो. घरातल्या कमोडमध्ये उभ्याने लघवी करणाऱ्याची धार किती उंचावरून पडते बघा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१३ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने बघितलं की धार सहा-सात इंचांनंतर तुटते आणि तिचे सुटे थेंब होतात, आणि ते थेंबच सगळ्यात जास्त उडतात. म्हणजे नेम कितीही पक्का असला तरी उडणारच. मी आईकडे नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घेऊन लाइट बंद करून बघितलं, पिवळट ठिपके कमोडभोवती होतेच पण शेजारच्या टाइल्सवर माझ्या गुडघ्याच्या वरपर्यंत होते आणि प्लॅस्टिकच्या दाराच्या खालच्या कडेलाही. आई बघून गप्प झाली, ती एवढी वर्षं फक्त लादी घासत होती.

आणि बाबांच्या बाबतीत तर नेमाचा प्रश्नच नाहीये. प्रोस्टेट वाढलं की धार बारीक होते, जोर राहत नाही, शेवटी थेंब थेंब पडत राहतं, आणि ते पडतं सरळ खाली, कमोडच्या समोरच्या लादीवर. माशी लावून काय होणार? त्या माणसाला आधीच लाज वाटते, वर आपण त्याला नेम धरायला सांगायचं.

तर आता तो शेवटचा मुद्दा, बसून लघवी केल्याने प्रोस्टेट बिघडतं. हे साफ उलटं आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी या विषयावरचे ११ अभ्यास एकत्र तपासून २०१४ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये छापलं आहे की प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी बसून लघवी केली तर मूत्राशयात मागे राहणारी लघवी सरासरी २५ मिली कमी होते, धार आणि वेळ यांतही थोडा चांगला फरक दिसला, पण तो ठामपणे सांगण्याइतका नव्हता. धडधाकट पुरुषांना बसा किंवा उभे राहा काही फरक पडत नाही, म्हणजे नुकसान कुणाचंच नाही. आत लघवी साचून राहिली की इन्फेक्शन होतं, खडे होतात, त्यामुळे ज्याला हा त्रास आहे त्याला 'बसू नका' सांगणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं आहे. शिवाय वयस्कर पुरुष रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना चक्कर येऊन पडतात, डॉक्टर यासाठीसुद्धा बसायलाच सांगतात.

राहिली संस्कृती. आपण मराठीत 'लघवीला बसलाय' असंच म्हणतो ना? माझे आजोबा धोतर नेसायचे, गावाला मी त्यांना कधी उभ्याने करताना पाहिलं नाही, बांधावर बसूनच करायचे, त्यांच्या वयाचे सगळेच तसे. आमच्याकडे तरी उभ्याने करणं पँट आल्यावरचं आहे. ज्याने हा मेसेज लिहिलाय त्याने घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

बाबांशी हे बोलणं मला फार जड गेलं. मुलीने वडिलांना असं काही सांगायचं म्हणजे... शेवटी त्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना त्या अभ्यासातलं २५ मिलीचं तेवढं सांगितलं, लादीचा विषयच काढला नाही. ते बराच वेळ आईकडे बघत होते, तिला अजून मधेच खोकला येत होता. मग म्हणाले, "माझ्यामुळे ती आत घासत बसते. मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी बसलो असतो, त्यात काय." एवढंच.

आता कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा लावलाय, रात्रीचा एक छोटा दिवा आहे, सीट कायम खाली. आठवडा झाला, आई सकाळी साबणाचं पाणी टाकते, वायपर मारते, पाच मिनिटांत बाहेर येते. जेटचा वॉशर बदलला. सांधे खरवडून त्यात इपॉक्सी भरायला माणूस शनिवारी येणार आहे, व्हाइट सिमेंटपेक्षा महाग पडतं पण त्यात लघवी मुरत नाही. टीसीएलची उरलेली पुडी टाकी धुणाऱ्यांना परत दिली. आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर आईने स्वतः लिहिलं, मी सांगितलेलं नव्हतं, "मी हे करून दवाखान्यात जाऊन आले आहे, कोणी करू नका." त्याच्या खाली दोघींनी लिहिलंय की त्यांनीही आदल्याच दिवशी केलं होतं आणि त्यांना वाटलं सर्दी झाली.