‘भूमिका’ची कथा स्मिता पाटील यांची नव्हे : एक खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील व्हॉट्सअॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, ‘भूमिका’ हा चित्रपट स्मिता पाटील यांच्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलेला आहे. हा संदेश मीही गेल्या आठवड्यात पुढे पाठवला होता. ती माझी चूक होती आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

श्याम बेनेगल यांचा हा १९७७चा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला आहे. ते माझ्या संग्रही असून, आपली चूक झाल्याची शंका आल्यावर मी ते पुन्हा काढून वाचले. ‘रामजोशी’सारखे चित्रपट गाजवणाऱ्या हंसाबाई १९७१ साली वारल्या, तर १९५५ साली जन्मलेल्या स्मिताताई चित्रपट आला तेव्हा जेमतेम बाविशीच्या होत्या.

दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या या मुलीने आपल्याहून अगदी वेगळे, होरपळलेले आयुष्य पडद्यावर उभे केले आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, हेच माझ्या मते तिचे मोठेपण. त्या भूमिकेला आत्मकथा म्हटले, तर तिच्या अभिनयावर आणि हंसाबाईंच्या धीट आत्मकथनावरही अन्याय होतो.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटावर हा खुलासा द्यावा.