गॅस निघाला म्हणून शेणाचा कस जात नाही

गोबरगॅसच्या टाकीत शेण घातले की त्याचे सत्त्व गॅसबरोबर जळून जाते, बाहेर पडतो तो निव्वळ चोथा, म्हणून शेण उकिरड्यावरच टाकावे. शिवाय घरच्या चार जनावरांच्या शेणावर स्वयंपाक होतच नाही, असे सांगणारा मजकूर शेतकऱ्यांच्या गटांत पुन्हा पुन्हा फिरत असतो.

आधी सत्त्वाचे पाहू. या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा. पिकाला लागणारे नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ सगळेच्या सगळे स्लरीबरोबर, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणकाल्याबरोबर, बाहेर येतात. उलट टाकीतले जिवाणू सेंद्रिय नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपात मोकळा करतात आणि तो पिकाला लवकर लागू पडतो. मात्र हाच अमोनिया उडून जाणारा असल्यामुळे स्लरी उघड्यावर उन्हात वाळवली की नत्राचा मोठा वाटा हवेत जातो, आणि अशी वाळलेली स्लरी शेतात टाकून गुण आला नाही की दोष टाकीच्या माथी मारला जातो. स्लरी ओली असतानाच पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी, किंवा खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांत मुरवावी.

शेणातला कर्ब, म्हणजे कार्बन, गॅसमुळे कमी होतो, हे खरे आहे. पण तो उकिरड्यातही कमी होतोच. थंडीच्या सकाळी उकिरड्यातून निघणारी वाफ म्हणजे जिवाणूंनी तोच कर्ब जाळल्याची खूण असते, फक्त त्या उष्णतेवर कोणाचा चहा होत नाही. पावसाळ्यात उघड्या ढिगातून नत्र आणि पालाश पाण्याबरोबर वाहून जातात ते वेगळेच. गोवऱ्या जाळल्या तर नत्र जवळपास पूर्ण गमावतो आणि साध्या चुलीत त्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. ज्या घरात निम्मे शेण गोवऱ्यांना जाते, तेथे सत्त्वाची चिंता टाकीपाशीच का सुरू व्हावी, हे मला उमगत नाही.

आता जनावरांचा मुद्दा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरे तेवढे शेण देतात आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. दिवसभर चरायला जाणाऱ्या गुरांचे शेण मात्र माळावर पडते, त्यामुळे हिशेब शेपट्या मोजून नव्हे, तर घरी जमणाऱ्या पाट्या मोजून करावा. हिवाळ्यात गॅस घटतो, कारण या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. उन्हात तापवलेल्या पाण्यात शेण कालवल्याने थोडा फरक पडतो.

खरी अडचण त्या फिरणाऱ्या मजकुरात कोठेच नाही, ती आहे स्लरी शेतात पोचवण्याची. स्लरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि वरच्या मापाच्या टाकीतून ती रोज जवळपास १०० लिटर बाहेर पडते. गोठा मळ्यातच असेल तर टाकी पाटाच्या वरच्या अंगाला बांधून हे काम उताराकडून करून घेता येते. घर गावठाणात आणि शेत तीन किलोमीटरवर असेल, तर टाकीच्या आधी कंपोस्टच्या खड्ड्याची जागा ठरवावी लागते.