जर्नलमध्ये न उमटणारं शिक्षण
रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विद्यार्थी काय शिकतात हे जर्नल (प्रयोगवही) आणि तोंडी परीक्षेतून कळत नाही, हा वाचनात आलेल्या एका लेखातला मुद्दा पटला. ग्लासगोचे रसायनशिक्षणाचे संशोधक ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की लेखी कृती, अनोळखी उपकरणं, तोंडी सूचना एकदम अंगावर आल्या की विचाराला जागाच उरत नाही. मग मुलं फक्त पायऱ्या पाळतात. पुढे अमेरिकेत गॅलोवे आणि ब्रेट्झ या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचं चित्रण करून नंतर तेच दाखवत मुलाखती घेतल्या. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. ब्युरेटची (थेंबथेंब द्रव सोडणाऱ्या मोजनळीची) तोटी फिरवताना मनात अंत्यबिंदूचा, म्हणजे अभिक्रिया नेमकी कुठे पूर्ण होते याचा विचार होता, की गुलाबी रंग गडद होण्याची धास्ती? आपल्या बीएस्सीच्या मुलांनाही कुणीतरी हे विचारायला हवं, आणि लवकर.