वडी की बाटली?

महिन्याच्या सामानाच्या यादीत 'अंगाचा साबण, 4' एवढं लिहिलं की पूर्वी विषय संपत असे. आता वाणी त्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, "वडी देऊ की लिक्विड?" आणि मागे उभी असलेली गिऱ्हाइकं आपल्याकडे अशी बघतात, जणू आपण आत्ता जातीने उत्तर दिलं नाही तर त्यांची तूरडाळ निसटणार आहे. ज्या मुंबईत 1934 साली शिवडीच्या कारखान्यात साबण निघू लागला, त्या शहराने हा प्रश्न नव्वद वर्षांत तरी सोडवायला हवा होता. गोदरेजवाले हुशार. त्यांनी आधी 'नंबर दोन' साबण काढला आणि मग 'नंबर वन'. दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं हा त्यामागचा हिशेब होता, असं सांगतात. तेव्हा निवड निदान आकड्यांत तरी होती.

असो. आधी वडीचं वेष्टन वाचायला शिकावं. चंदन, केशर, बदाम ही मंडळी पुढच्या बाजूला पोज देऊन उभी असतात. खरा मजकूर मागे, मुंगीच्या अक्षरात. तिथे 'टॉयलेट सोप' किंवा 'बेदिंग बार' यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. नावावरून भलताच गैरसमज होतो, पण टॉयलेट सोप हा वरच्या प्रतीचा. शेजारी टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, टक्क्यांत दिलेला असतो. भारतीय मानकानुसार किमान 76 टक्के असेल तर ग्रेड 1, 70 असेल तर ग्रेड 2, 60 असेल तर ग्रेड 3. बेदिंग बारला 40 टक्क्यांवर पास करतात. उरलेल्या जागेत पाणी, शंखजिरं वगैरे बिनभाड्याचे पोटभाडेकरू. मात्र डव्हसारखी वडी मुळात साबण नाहीच, ती सिंडेट, म्हणजे कृत्रिम फेसकांची वडी. तिला टीएफएमच्या फूटपट्टीने मोजणं म्हणजे इडलीत पुरण शोधणं.

त्याच वेष्टनावर 'पॅक करतेवेळचं निव्वळ वजन' असाही मजकूर असतो. साबणात पाणी असतं, ते उडतं आणि वडी हलकी होते. यात फसवणूक काही नाही, उलट सुकलेली वडी कडक होते आणि हळू झिजते. म्हणून नव्या वड्या वेष्टन काढून कपड्यांच्या कपाटात ठेवायची जुनी पद्धत अगदी बरोबर आहे. साड्यांना वास लागतो तो वरकड फायदा. मुंबईत मात्र हे काम मार्च ते मे याच काळात उरकावं. जुलैत कपाटात चामड्याचा पट्टासुद्धा हिरवा होतो, तिथे वडी काय सुकणार? आणि ग्लिसरीनची पारदर्शक वडी तर पावसाळ्यात उघडी ठेवूच नये. ग्लिसरीन हवेतला ओलावा खेचतं, सकाळी वडीवर थेंब जमलेले दिसतात. ज्या शहरात माणसाचा घाम धुवायला साबण आणायचा, तिथे साबणालाच घाम फुटतो.

आता बाटली. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि बॉडी वॉशच्या यादीत पहिलं नाव असतं 'ॲक्वा'. वाचून अत्तर वाटतं. पाणी आहे ते. टँकरचे पैसे वेगळे भरणाऱ्या सोसायटीत आपण भर पैसे देऊन, पिशवीचे बंद बोटांत रुतवून, पुन्हा पाणीच चौथ्या मजल्यावर नेत असतो. त्यानंतर फेस करणारं सोडियम लॉरेथ सल्फेट, त्याची धार बोथट करणारं बीटेन, पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून संरक्षक द्रव्य आणि दाटपणा आणायला बऱ्याच वेळा चक्क मीठ.

मिठाचं हे प्रकरण लक्षात ठेवावं, कारण मराठी घरात बाटली संपत आली की तिच्यात पाणी घालून खळखळवण्याचा विधी होतो. शाम्पूवर हात बसलेला असतो ना! पण पाणी पडलं की मिठाचं आणि फेसकाचं प्रमाण बिघडतं आणि मधासारखा दिसणारा द्रव एकदम कळणासारखा पातळ होतो. मग तो बोटांमधून सरळ नाहणीच्या जाळीत. शिवाय संरक्षक द्रव्यही पातळ झालेलं असतं, त्यामुळे असं पाणी घातलेलं मिश्रण आठवडाभर ठेवू नये. त्याच दिवशी संपवावं, नाहीतर बाटली मगात उलटी उभी करून रात्रभर शीर्षासन घालावं.

त्वचेचं म्हणाल तर फरक खरा आहे. तिचा पीएच साधारण 5, म्हणजे किंचित आम्ल. खऱ्या साबणाचा 9 ते 10, बॉडी वॉशचा बहुधा 5 ते 6. धडधाकट कातडी काही तासांत पूर्वपदावर येते. ज्यांना इसब आहे, किंवा दिवसभर एसीत बसून पिंढऱ्यांवर खवले येतात, त्यांनी बाटली किंवा सिंडेट घ्यावं, उगाच बाणेदारपणा करू नये.

पण माझं मत विचाराल तर मुंबईत हा निकाल कातडीपेक्षा नळ लावतो. तानसा, भातसा, मोडक सागर, विहार, तुळशी आणि दोन वैतरणा अशा सात तलावांचं पालिकेचं पाणी मऊ असतं. त्यात वडी दोनदा फिरवली की ढीगभर फेस, आणि धुतल्यावरही अंग बुळबुळीत लागत राहतं. 'निघतच नाही' म्हणून लोक आणखी चार मग ओततात. ते निघालेलं असतं. अंग करकर वाजणं ही स्वच्छतेची खूण नव्हे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून जो चिकट साका करतं, त्याची ती करकर. हाच साका बादलीच्या आत पांढऱ्या रेषेसारखा दिसतो. तो काढायला अर्धा लिटर गरम पाण्यात ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल एक मोठा चमचा घालून वीस मिनिटं ठेवावं आणि घासावं. संगमरवराला ते लावू नये, दगड खातो. तेव्हा पालिकेचं पाणी असेल तर वडी, टँकर-बोअरचं असेल तर बाटली. फेसकांचा साका होत नाही.

यानंतर खरी अडचण, जागा. चार बाय चारच्या मोरीत बादली, गिझर आणि माणूस यांनंतर उरते ती साबणदाणीची जागा, आणि साबणदाणी ही वस्तू साबणाला बुडवण्यासाठीच घडवलेली असते. एका प्रकारात भोकं नसतात. दुसऱ्यात भोकं असतात पण पाय नसतात, म्हणजे पाणी जाणार कुठे? वडीच्या तळाला पाणी लागून राहिलं की साबण ते शोषून फुगतो, खाली लापशी होते, आणि अंगाला लागण्याऐवजी साबण दाणीलाच लागतो. तिसरी रबरी वाटीची, टाइल्सला चिकटणारी. ही बहुतेक रात्री दोन वाजता पडते आणि घरात चोर शिरल्याचा आवाज करते. बिनखर्चाचा उपाय म्हणजे कुठल्याही वाटीवर मिठाईच्या पुड्याचे दोन-तीन रबर आडवे ताणून त्यावर वडी ठेवायची. चहूकडून हवा लागते. दाणी शॉवरच्या धारेपासून लांब. घरात चौघं असतील तर दोन वड्या आलटून-पालटून.

बाटलीची जागा कमी, पण तिचं एक शेपूट असतं, ते म्हणजे जाळीचा चेंडू. गावाकडे घोसाळं वेलावर सुकवून त्याची घासणी करत. तीच आता 'नॅचरल लूफा' म्हणून विकतात, आणि घोसाळ्याची भजी खाऊन वाढलेला माणूस किंमत बघून तिथेच सुकतो. पण ती लागतेच, कारण नुसत्या हाताने बॉडी वॉश दोनदा ओतावं लागतं. पद्धत अशी: अंग भिजवा, नळ बंद करा. जाळी भिजवून पिळा, त्यावर चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, घ्या. उसाच्या रसावर येतो तसा फेस येईपर्यंत चोळा, मग अंगाला लावा. या हिशेबाने 250 मिलीत 50 अंघोळी. चौघांत साडेबारा दिवस. वाहत्या शॉवरखाली हातावर ओतलंत तर सहा. जाळी पिळून बाथरूमबाहेर, खिडकीच्या ग्रिलला टांगायची. आत टांगलेली जाळी पावसाळ्यात सुकत नाही, कुबट वास धरते. वास आला की फेकायची, धुऊन वाचवायला जाऊ नये.

'एकच वडी सगळ्यांनी कशी वापरायची' हा आक्षेप बाटलीवाले हमखास काढतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जिवाणू चोळून 16 जणांना त्यांनी हात धुवायला लावले. धुतल्यावर हातांवर ते जिवाणू आढळले नाहीत. वडीला चिकटलेल्या दुसऱ्याच्या केसाबद्दल मात्र विज्ञान गप्प आहे.

वयस्कर माणसांना मात्र बाटलीच द्यावी. हातातून सटकलेली वडी ओल्या लादीवर शोधताना कंबर मोडते. फक्त चष्मा काढल्यावर शाम्पू, कंडिशनर आणि बॉडी वॉश ही तिळी भावंडं दिसतात, म्हणून बॉडी वॉशच्या मानेला एक रबर गुंडाळून ठेवावा.

राहता राहिली वडीची शेवटची कपची, पापडाएवढी. टाकवत नाही, वापरवत नाही. ती नव्या वडीला जोडता येते. दोन्ही कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायच्या, नव्या वडीवर नाव कोरलेल्या खोलगट बाजूला कपची दाबून बसवायची, कडा बोटाने लिंपायच्या आणि रात्रभर त्यावर पाणी पडू द्यायचं नाही. कोरडी कपची ओल्या वडीला लावली की ती जमत नाही. सकाळी जो पहिला अंघोळीला जाणार, त्याला तेवढं सांगून ठेवायचं. सांगायचं राहिलं की दुपारी मोरी घासताना ती जाळीवर सापडते.